तांब्याची नळी, ठिबकची नळी आणि एक मॅग्नेट

काळ्या डब्यातलं, फिरत्या चकतीचं जुनं वीजमीटर ज्यांनी उघडं पाहिलंय, त्यांना चकतीच्या एका अंगाला बसवलेला मॅग्नेट आठवत असेल. ॲल्युमिनियमच्या चकतीची कड त्याच्या दोन टोकांमधल्या फटीतून फिरायची, कुठेही न टेकता. माझी सगळी नोकरी अशी मीटरं तपासण्यात गेली. बाकावर मीटर लावायचं, ठरलेला लोड द्यायचा, स्टॉपवॉच घेऊन फेरे मोजायचे. मीटर पुढे पळत असेल तर मॅग्नेट चकतीच्या कडेकडे किंचित सरकवायचा, मागे पडत असेल तर आत घ्यायचा. ॲल्युमिनियमला मॅग्नेट चिकटत नाही हे चौथीच्या पोराला माहीत असतं. तरी तोच मॅग्नेट त्या चकतीला आवरून धरतो.

तांब्याच्या नळीतून मॅग्नेट सावकाश उतरतो तेव्हा हेच चाललेलं असतं. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ ‘गुरुत्वाकर्षणाला हरवणारी नळी’ वगैरे नावाने फिरतात. मला ते पटत नाही. शेजारी दुसरी नळी नाही, हातात घड्याळ नाही, तर तो प्रयोग नव्हे, मदाऱ्याचा खेळ. खाली सांगतो तशी मांडणी केली तर घरच्या घरी मोजमाप निघतं, आणि पोरं स्वतःच पुढचे प्रश्न विचारू लागतात.

आधी नळी. अमळनेर असो, पारोळा असो की धुळं, एसी-फ्रिज दुरुस्तीवाल्याकडे तांब्याच्या नळीचे उरलेले तुकडे असतात. मे महिन्यात जाऊ नका, तेव्हा त्या लोकांना जेवायला फुरसत नसते. दिवाळीनंतर गेलात तर चहाही मिळेल. ‘पाच सूती’ मागा, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाहेरून १६ मिलिमीटरला जरा कमी, भिंत साधारण १ मिलिमीटरची, म्हणजे आतलं भोक १४ मिलिमीटरच्या आसपास. मीटरभर तुकड्याचं वजन ४०० ग्रॅमच्या घरात भरतं आणि पैसे वजनावरच लागतात. माझा भाचा याच धंद्यात आहे, तरी तोही म्हणतो, “मामा, ह्या तुकड्याले भंगारात भाव आहे बरं.” गुंडाळीतली मऊ नळी घेतली तर ती सपाट फरशीवर लाटून सरळ करून घ्या. कुठे चेपलेली, अंडाकृती झालेली असेल तर तो भाग कापून टाका. मॅग्नेट नेमका तिथेच अडकतो. टोकं आतून कानशीने गुळगुळीत करा.

नळी तांब्याचीच आहे का, हे त्याच मॅग्नेटने तपासा. पितळी दिसणारे पडद्याचे रॉड बहुतेक वेळा आतून लोखंडी असतात, अर्थिंगच्या काही तांबेरी सळया पोलादावर तांब्याचा थर दिलेल्या असतात. मॅग्नेट चिकटला की ती वस्तू बाजूला.

दुसरी नळी खान्देशात फुकट मिळते. केळीच्या किंवा कपाशीच्या शेतातली १६ मिलिमीटरची साधी लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, आत ड्रिपर नसलेली. तिचं आतलं भोक पाच सूती तांब्याच्या नळीशी जवळपास जुळतं. प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही, त्यामुळे तुलनेला याहून चांगली नळी नाही. गुंडाळी असल्याने ती वाकडी असते. उन्हात तासभर ठेवा, मऊ झाली की ताणून लाकडी पट्टीला दोऱ्याने बांधा. तांब्याच्या नळीइतक्याच लांबीची कापा.

मॅग्नेट निओडिमियमचा हवा. स्पीकरमागचा काळा, मातीच्या भांड्यासारखा दिसणारा फेराइट यात फार कमी पडतो. ब्रेकचा जोर मॅग्नेटच्या ताकदीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे तिप्पट ताकदीचा मॅग्नेट नऊपट धरतो. १२ मिलिमीटर व्यासाचा, १२ मिलिमीटर लांबीचा दंडगोल घ्या. वजन १० ग्रॅमच्या आसपास. तो मिळाला नाही तर १२ मिलिमीटर व्यासाच्या, २ मिलिमीटर जाडीच्या सहा चकत्या एकावर एक चिकटवल्या की झालं. एकच चपटी चकती मात्र सोडू नका. ती आत आडवी-तिरकी होऊन अडकते. हिशोब सोपा आहे: मॅग्नेटची एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी नळीच्या भोकापेक्षा जास्त असेल तर तो आत उलटू शकत नाही. १२ बाय १२ ची तिरकी लांबी १७ मिलिमीटर भरते, तर १२ बाय ६ ची साडेतेरालाही पोचत नाही.

हे मॅग्नेट ठिसूळ असतात. फरशीवर पडले किंवा एकमेकांवर आपटले तर कपचे उडतात, डोळ्याला धोका. नळीखाली कापसाचा जाड बोळा ठेवा. कापूस आपल्याकडे शोधावा लागत नाही. घरात रांगतं मूल असेल तर हे मॅग्नेट त्याच्या हाती लागता कामा नयेत. दोन गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन वळ्यांना चिमटा घेतात आणि थेट ऑपरेशनची वेळ येते. ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी लांबून बघावं.

आता उभारणी. नळी खरोखर उभी हवी. गवंड्याचा ओळंबा असेल तर उत्तम, नाहीतर दोऱ्याला दगड बांधा. लोखंडी कॉट, गोदरेजचं कपाट, गॅसची टाकी यांच्यापासून दोन हात लांब राहा, नाहीतर मॅग्नेट खाली येण्याऐवजी बाजूला ओढला जाईल आणि नळीला घासेल. दाराची लाकडी चौकट चांगली. दोन्ही नळ्या तिथे शेजारी-शेजारी बांधा.

पहिल्यांदा ठिबकच्या नळीतून सोडा. टप्. मीटरभर उंचीवरून मोकळी पडणारी वस्तू ०.४५ सेकंदात खाली येते. मग तोच मॅग्नेट तांब्याच्या नळीत. वरून नळीत डोकावा: मॅग्नेट मधोमध, हेलकावत, तरंगल्यासारखा खाली जाताना दिसतो. पोरं नळीच्या तोंडाशी वाकून “पडना नई का आजून?” म्हणत राहतात. सांगितलेल्या मापांना दहा-पंधरा सेकंद लागू शकतात. नळी पातळ असली किंवा मॅग्नेट आणि भिंतीमधली फट मोठी असली तर बरेच कमी. नेमका आकडा माझ्याकडून घेऊ नका, तुमच्या नळीचा तुम्हीच काढा.

मोजताना एक गोष्ट. अंगठ्याने स्टॉपवॉच दाबताना माणसाची चूक पाव सेकंदापर्यंत सहज जाते. दहा सेकंदांत ती चालते, अर्ध्या सेकंदात नाही. म्हणून ठिबकच्या नळीसाठी मोबाइलचं व्हॉइस रेकॉर्डिंग वापरा. सोडताना तोंडाशी टिचकी वाजवा, खाली कापसावर एक पुठ्ठा ठेवा म्हणजे आपटल्याचा आवाज येईल, आणि रेकॉर्डिंगच्या पट्टीवर दोन आवाजांमधलं अंतर वाचा. फोन मॅग्नेटला चिकटेल इतका जवळ ठेवू नका.

नळीतल्या नळीत काय होतं ते आता. नळीची भिंत म्हणजे एकावर एक रचलेल्या तांब्याच्या बांगड्या समजा. मॅग्नेट खाली येताना त्याच्या पुढच्या बांगडीतून जाणारं चुंबकक्षेत्र वाढत असतं, मागे राहिलेल्या बांगडीतलं घटत असतं. १८३१ मध्ये शास्त्रज्ञ फॅरेडेने दाखवलं की क्षेत्र बदललं की तारेत प्रवाह उभा राहतो. लेन्झने १८३४ मध्ये त्याची दिशा सांगितली: ज्या बदलामुळे प्रवाह उभा राहिला, त्या बदलालाच तो विरोध करतो. म्हणून खालची बांगडी मॅग्नेटला वर ढकलते आणि वरची मागे ओढते. दोन्ही जोर एकाच दिशेने. मॅग्नेट उलटा करून सोडलात तरी वेळ तोच, कारण तेव्हा प्रवाहही उलटे फिरतात. हे करून बघायलाच लावा. ‘उत्तर टोक वर ठेवलं तर काय होईल’ यावर पोरांची आधी पैज लावून घ्या.

या प्रवाहांना एडी करंट म्हणतात. १८५५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोने दोन चुंबकी टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून दाखवली. ती फिरवायला जास्त जोर लागतो आणि चकती तापते. त्याच्या कितीतरी आधी, १८२४ मध्ये, आरागो या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं की होकायंत्राची हलणारी सुई खाली तांबं असेल तर लवकर स्थिरावते, पण कारण त्याला लागलं नव्हतं. आपल्या नळीतही ऊर्जा उष्णतेतच जाते. फक्त १० ग्रॅमच्या मॅग्नेटने मीटरभर उतरताना दिलेली उष्णता ४०० ग्रॅम तांब्यात एका अंशाचा हजारावा भागही वाढवत नाही. नळीला हात लावून ‘गरम झाली’ म्हणणाऱ्याच्या हाताचीच ती ऊब असते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी व्हिडिओत कुणी सांगत नाही: हा ब्रेक वेगावर चालतो. वेग दुप्पट, तर विरोध दुप्पट. वेग शून्य, तर विरोधही शून्य. म्हणून हा ब्रेक कशालाही पूर्ण थांबवू शकत नाही. मॅग्नेट थांबला की प्रवाह संपतो, प्रवाह संपला की धरणारं कुणी उरत नाही, आणि तो पुन्हा उतरू लागतो. विरोध वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. चांगल्या तांब्याच्या नळीत हे मॅग्नेट सोडल्यावर काही मिलिसेकंदांतच होऊन जातं, पुढचा सगळा प्रवास एकाच वेगाने. मीटरमध्ये हाच गुण कामाला येतो. विजेचा लोड चकतीला फिरवतो, मॅग्नेट वेगाच्या प्रमाणात अडवतो, म्हणून चकतीचा वेग लोडच्या प्रमाणात राहतो आणि फेरे मोजले की युनिट मिळतात. साध्या घासणाऱ्या ब्रेकने हे जमलं नसतं. घाटात उतरणाऱ्या काही अवजड गाड्यांना असतो तो विजेचा रिटार्डरही असाच. वेग आवरायला तो, पण गाडी उभी करायला शेवटी घासणारा ब्रेकच लागतो.

वेग एकसारखा आहे हे शब्दावर मानायचं नाही. त्याच तांब्याच्या नळीचा अर्ध्या लांबीचा तुकडा घ्या. तांब्यात वेळ बरोबर अर्धा येईल. ठिबकच्या नळीत तसं होत नाही: मीटरला ०.४५ सेकंद, तर अर्ध्या मीटरला ०.३२. दोन्ही गुणोत्तरं शेजारी लिहा. सातवी-आठवीच्या मुलाला सम वेग आणि वाढता वेग यातला फरक एवढ्या दोन आकड्यांत कळतो.

दुसरा ताळा काट्यावर. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, त्यावर चार-पाच इंच उंच लाकडी ठोकळा ठेवा, त्यावर नळी उभी करा आणि हाताने न धरता ती पडणार नाही अशी व्यवस्था करा. ठोकळ्याला नळी बसेल एवढा खड्डा पाडून घेतला की काम होतं. काटा शून्यावर आणा आणि मॅग्नेट सोडा. तो अजून अधांतरी उतरतोय, नळीला धड टेकलेलाही नाही, आणि काट्यावर १० ग्रॅम दिसतात. नळी मॅग्नेटला वर ढकलते, तर मॅग्नेटही नळीला तेवढ्याच जोराने खाली दाबतो. जळगावच्या सराफाकडचा मिलिग्रॅमचा काटा मात्र मागू नका. त्यातल्या बऱ्याच काट्यांच्या आतच चुंबक आणि गुंडाळी असते, आपला मॅग्नेट जवळ गेला की आकडे भरकटतात, आणि सोन्याच्या दुकानात कुणाचा काटा भरकटवणं बरं नव्हे.

इथून पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नळीचा धातू बदलायचा असेल तर माप तेच ठेवा. पडद्याच्या ॲल्युमिनियम नळीत मॅग्नेट तांब्यापेक्षा साधारण दुप्पट वेगाने जातो, पितळेत चौपट. स्टेनलेस स्टीलचा विद्युतरोध तांब्याच्या चाळीसपटीहून जास्त, तिथे ब्रेक जेमतेम जाणवतो. भिंतीची जाडी दुप्पट केली तर वेग बराच कमी होतो. फटीचा परिणाम सगळ्यांत जास्त: तोच मॅग्नेट सात सूती नळीत टाकून पाहा, बहुतेकांचा विश्वास बसत नाही. मॅग्नेट भिंतीपासून थोडा लांब गेला की विरोध झपाट्याने ढासळतो. भोक मोठं झाल्याने इथे मॅग्नेट उलटूही शकतो, म्हणून चकत्या वाढवून लांबी जास्त घ्या.

लांबी वाढवण्यातही एक गंमत आहे. चकत्या एकावर एक लावत जा आणि प्रत्येक वेळी वेळ घ्या. सुरुवातीला मॅग्नेट हळू होत जातो. मग एक टप्पा असा येतो की पुढे चकत्या वाढवल्या तर तो उलट जास्त वेगाने पडू लागतो. कारण असं की क्षेत्राचा बदल होतो तो मॅग्नेटच्या दोन टोकांशी. मधला लांब भाग नळीजवळून जाताना तिथे फारसं काही बदलत नाही. त्याचं वजन तेवढं वाढतं, ब्रेक मात्र वाढत नाही. आलेख कागदावर काढला तर चढून उतरणारी रेष मिळते, आणि विज्ञान प्रदर्शनात परीक्षकाला दाखवण्यासारखी खरी गोष्ट हीच.

चिरलेली नळी हा माझा आवडता भाग. ॲल्युमिनियमच्या दोन सारख्या नळ्या घ्या. एकीला हेक्सा ब्लेडने वरपासून खालपर्यंत उभी चीर द्या, आणि चीर मिटू नये म्हणून टोकांना पुठ्ठ्याची पाचर लावा. दुसरीचे आडवे काप करून इंचभराची कडी पाडा, प्रत्येक दोन कड्यांमध्ये मधे नळीएवढं भोक पाडलेली कागदाची चकती ठेवून ती पुन्हा एका रेषेत चिकटवा. कोणती नळी जास्त बिघडली? बहुतेक जण तुकडे-तुकडे झालेली म्हणतात. पण कड्यांच्या नळीत मॅग्नेट जवळपास आधीसारखाच सावकाश उतरतो, आणि एकच चीर दिलेल्या नळीत तो लवकर खाली येतो. प्रवाह नळीभोवती गोल फिरतो हे यातून दिसतं. आडव्या कापाने गोल तुटत नाही, उभ्या चिरेने तुटतो. तरीही चिरेच्या नळीतला ब्रेक पूर्ण जात नाही. चिरेच्या कडेकडेने खाली-वर वळून प्रवाह आपली वाट पुरी करतो, फक्त ती लांबची पडते. मोटार वाइंडिंगवाल्याकडचं स्टॅम्पिंग, म्हणजे मोटारीचा पत्र्यांचा गाभा, पाहिलंत तर कळेल की अखंड लोखंडाऐवजी वार्निश दिलेले पातळ पत्रे का रचतात. तिथे हे प्रवाह नकोच असतात. आणि मीटरच्या चकतीला समोरासमोर दोन बारीक छिद्रं असायची तीही याचसाठी: लोड बंद असताना चकती आपोआप सरकत राहू नये. छिद्र चकती फिरवणाऱ्या विद्युतचुंबकाच्या टोकाखाली आलं की प्रवाहाची वाट मोडायची आणि चकती तिथेच थांबायची. लोक विचारायचे, ‘साहेब, चकतीला भोक कुणी पाडलं?’

आता आपल्या हवेचा फायदा घ्या. मुंबईत ही सोय नाही. खान्देशात जानेवारीच्या पहाटे १० अंश आणि मेच्या दुपारी ४५ अंश मिळतात. तांबं दर अंशाला साधारण ०.३९ टक्के जास्त रोध करतं, निओडिमियमची ताकद दर अंशाला ०.१२ टक्क्यांच्या आसपास घटते, आणि ती वर्गात मोजली जाते. दोन्ही एकाच बाजूला पडतात. हिशोब केला तर थंडीत जेवढा वेळ लागला त्यापेक्षा मे महिन्यात साधारण पाचवा हिस्सा कमी लागायला हवा. म्हणून वहीत प्रत्येक नोंदीपुढे तापमान लिहा, नाहीतर डिसेंबरची नोंद आणि एप्रिलची नोंद भांडत बसतील. थांबायची तयारी नसेल तर नळी बर्फाच्या पाण्यात बुडवून, पुसून लगेच मोजा. तापवायचं मात्र जपून. साध्या प्रतीचा मॅग्नेट ८० अंशांपलीकडे कायमचा कमजोर होऊ लागतो. पत्र्याच्या छपराखालचा माळा किंवा उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड, दोन्हीकडे त्याला ठेवू नका.

घरातल्या वीजमीटरजवळही मॅग्नेट नेऊ नका. आताच्या बऱ्याच इलेक्ट्रॉनिक मीटरांत चुंबक जवळ आल्याची वेळेसकट नोंद होते, आणि ‘पोराचा प्रयोग होता’ हे उत्तर टेस्टिंगच्या बाकावर कुणी मानत नाही.

एवढं झाल्यावर प्रवाह डोळ्यांनी दाखवायचा असेल तर वाइंडिंगवाल्याकडून बारीक इनॅमल तार आणा. ठिबकच्या नळीच्या मध्यावर, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंदीत, चारशे-पाचशे वेढे गच्च गुंडाळा. दोन्ही टोकांवरचं इनॅमल सॅंडपेपरने खरवडा आणि तिथे दोन लाल एलईडी एकमेकांना समांतर जोडा, एक सुलट, एक उलट. खोलीत अंधार करून वरून मॅग्नेट सोडा. मॅग्नेट गुंडाळीत शिरताना एक दिवा चमकतो, बाहेर पडताना दुसरा. येतानाचा आणि जातानाचा प्रवाह उलट दिशेचे असतात हे त्यावरून दिसतं. इतक्या झटकन होतं की डोळा चुकतो, तेव्हा मोबाइलवर स्लो मोशन लावा. दोन्ही दिवे एकदमच लागले तर दोन्ही एकाच दिशेने जोडले गेलेत, त्यातला एक फिरवा. एकही लागला नाही तर आधी तारेची टोकं पुन्हा खरवडा. दहात नऊ वेळा इनॅमल तिथेच राहिलेलं असतं.